मांजराच्या पोटातले केसांचे गोळे: घरच्या उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आमच्या घरी अकरा वर्षांपासून मांजरं आहेत. सध्या तीन आहेत: लांब केसांची चांदी, गल्लीतून उचलून आणलेली मनी आणि दहा वर्षांचा बोका. होळी झाली, उन्हं तापू लागली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "मांजर सारखं उमाळे काढतंय, घरात काय देता येईल?" ते सगळे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. जे लिहिलंय ते आमच्या मांजरांच्या डॉक्टरांकडून शिकलेलं आणि रोज हाताखालून गेलेलं आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: जो केस फणीत आला तो पोटात जात नाही. बाकी सगळे उपाय त्याच्यानंतरचे.

मांजराच्या पोटात केस जातातच कसे?

मांजराला हात चाटू दिला असेल तर जिभेचा खरखरीतपणा तुम्हाला माहीत असेल. त्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. ते केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच द्रव्याचे. २०१८ साली शास्त्रज्ञांनी या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काट्यांची टोकं आतून पोकळ असतात आणि त्यातून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, असं त्यात दिसलं. मांजर जागेपणीचा जवळपास पाव वेळ अंग चाटण्यात घालवतं. गळालेला केस काट्यांत अडकतो, आणि काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे मांजराला तो थुंकता येत नाही. गिळावाच लागतो.

केसही केराटिनचाच, म्हणून तो पचत नाही. बहुतेक केस शीतून निघून जातात. जे जठरात मागे राहतात ते एकमेकांत गुंततात आणि एक दिवस उलटून पडतात. अन्ननलिकेतून दाबून बाहेर येतात, म्हणून नाव 'गोळा' असलं तरी आकार लांबट असतो. चांदीचा पहिला गोळा मी पहाटे गोधडीवर पाहिला, तेव्हा वाटलं काहीतरी मेलेलं आणून टाकलंय. बोटाएवढा, ओला, पिवळसर पाण्यात भिजलेला. काडीने उकलून पाहिला तर आत नुसते करडे, मऊ केस होते, तिच्या पोटाखालच्या लवीचे. तिथे माझी फणी कधी पोचतच नव्हती.

महिन्यातून किती वेळा गोळा पडला तर चालतो?

आखूड केसांच्या, धडधाकट मांजराला वर्षातून एक-दोनदा पडला तर मी फार मनावर घेत नाही. लांब केसांच्या मांजराला महिन्यातून एखादा पडू शकतो. त्याहून जास्त पडत असतील, किंवा आधी कधी न पडणारे अचानक पडू लागले असतील, तर "मांजरांना होतंच असं" म्हणून सोडून देऊ नका. खूप चाटणं, कातडीचा त्रास, आतड्यांचा जुना आजार अशी कारणं मागे असू शकतात. वय झालेल्या मांजराच्या बाबतीत तर नक्कीच तपासून घ्या.

ते उमाळे काढतंय की खोकतंय, कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आमच्या शेजारच्या आजी बोक्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "तेना गयामा काहीतरी अडकनं." म्हणजे त्याच्या गळ्यात काहीतरी अडकलंय. आम्हीही महिनाभर तेच धरून बसलो. गळ्यात काहीच नव्हतं, दमा होता.

गोळा येताना पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं, खाकरल्यासारखा आवाज येतो, मांजर दोन पावलं मागे सरकतं आणि शेवटी काहीतरी पडतं: केस, फेस किंवा पाणी. खोकताना मांजर जमिनीसरशी बसतं, मान पुढे ताणतं, खांदे उचलतं, पाच-दहा वेळा खोकतं, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करतं आणि उठून चालू लागतं. बाहेर काही पडत नाही. असं वारंवार होत असेल तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात गेल्यावर मांजर हमखास गप्प बसतं. तोवर त्याच्याजवळ उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल लावू नका, आणि चूल पेटलेली असेल तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर तेव्हाच निघा.

सगळ्यात चांगला घरगुती उपाय कोणता?

विंचरणं. ऐकून लोकांची निराशा होते, कारण त्यांना स्वयंपाकघरातलं काहीतरी हवं असतं. पण आमच्या घरी फरक पडला तो यानेच.

आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून दोनदा पुरे, लांब केसांच्याला रोज. मार्च ते मे या दिवसांत मी सगळ्यांनाच रोज विंचरते. आखूड केसांसाठी रबरी दात्यांचा हातमोजा छान चालतो. लांब केसांसाठी आधी विरळ दातांची धातूची फणी, मग बारीक. माणसांची प्लास्टिकची फणी वरवरचे केस फिरवते, आतली लव तशीच राहते.

सवय लावताना घाई करू नका. पहिले चार दिवस नुसती फणी शेजारी ठेवा, वास घेऊ द्या. मग गालावर आणि हनुवटीखाली एक-दोनदा फिरवा, कारण तिथे मांजराला मुळातच खाजवून घ्यायला आवडतं. मग पाठ. पोट आणि मांड्यांची आतली बाजू सगळ्यात शेवटी. एका बैठकीला दोन-तीन मिनिटं खूप झाली. शेपटी आपटायला लागली की थांबायचं. चांदीला पोटाला हात लावू द्यायला दीड महिना लागला. आता संध्याकाळी फणीचा डबा वाजला की ती स्वतःहून ओट्यावर येऊन आडवी होते.

विंचरून झालं की ओला हात किंवा ओलं फडकं अंगावरून फिरवा. सुटलेले बारीक केस त्याला चिकटून येतात, नाहीतर पाच मिनिटांत मांजर तेच चाटून घेतं. कानामागे, काखेत केसांच्या गाठी झाल्या असतील तर कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर वर ओढली जाते, कापली गेल्याचं आधी कळतही नाही. गाठी डॉक्टरांकडून किंवा जाणकाराकडून मशीनने काढून घ्या.

उन्हाळ्यात त्रास जास्त होतो का? पाण्याचा याच्याशी काय संबंध?

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्याआधीच, दिवस मोठा होऊ लागला की मांजराचा हिवाळी केस गळायला लागतो. म्हणजे पोटात केस जास्त जातात, आणि नेमकं त्याच वेळी अंगातलं पाणी कमी पडून शी घट्ट होते.

चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाद्यात पाऊणभर. नुसत्या कोरड्या खाद्यावर असलेल्या मांजराने ती तूट पिऊन भरून काढायला हवी, पण बरीच मांजरं तेवढं पीत नाहीत. म्हणून कोरड्या खाद्यात कोमट पाणी घाला, किंवा दिवसातून एक वेळ ओलं द्या. चिकन नुसत्या पाण्यात, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता उकडलं तर ते पाणी गार करून दोन-तीन चमचे द्या.

पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून आणि शी-शूच्या जागेपासून लांब. मातीचं पसरट भांडं असेल तर उत्तम, पाणी गार राहतं. आमच्या मनीला माठाखाली गळणारं पाणी फार आवडायचं, म्हणून तिथेच तिची वाटी ठेवली. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र पिऊ देऊ नका. ते दिवसेंदिवस साचलेलं असतं आणि त्यात कुणी सुगंधी द्रव्यही घालतं.

डांगर खाऊ घातलं तर उपयोग होतो का?

हो, हा उपाय मी करते. डांगर म्हणजे लाल भोपळा, काही घरांत त्याला गंगाफळ म्हणतात. साल आणि बिया काढायच्या, फोड नुसती वाफवायची, हाताने कुस्करायची. मीठ नाही, गूळ नाही, फोडणी नाही. घाऱ्यांसाठी गूळ घालून शिजवलेल्यातलं काढून देऊ नका. सुरुवातीला अर्धा चहाचा चमचा खाण्यात मिसळा, मानवलं तर एक चमचा. त्यातल्या चोथ्याने आणि पाण्याने शी मऊ राहते आणि केस पुढे सरकायला मदत होते. सगळ्याच मांजरांना सारखा गुण येत नाही. शी पातळ झाली तर बंद करा.

आणि ईसबगोल?

देता येतो, पण भिजवूनच. एक अष्टमांश चहाचा चमचा, म्हणजे मोठी चिमूट, साधी भुशी दोन-तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या आणि ओल्या खाण्यात कालवून दिवसातून एकदा द्या. पुढे पाव चमच्यापर्यंत वाढवता येतो. कोरडी भुशी कधीही देऊ नका. ती पोटात जाऊन पाणी ओढून घेते, आणि पाणी कमी पिणाऱ्या मांजराला बरं वाटायच्या ऐवजी कोठा जास्तच बांधला जातो. संत्र्याच्या चवीची, साखर किंवा गोडवा घातलेली पाकिटं नकोत. मांजराला मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल, किंवा रोजची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक चमचा तूप किंवा तेल पाजलं तर गोळा घसरून बाहेर येतो ना?

हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो ऐकला होता. मनी तेव्हा वर्षाची होती. मांडीत धरून सिरिंजने शेंगदाण्याचं तेल तिच्या तोंडात सोडलं. तिने मान झटकली, ठसका लागला, मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी ती पलंगाखालून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी अंग तापलेलं आणि श्वास भराभर चाललेला. तेल फुफ्फुसात उतरलं होतं. न्यूमोनियातून ती वाचली, पण तीन आठवडे रोज इंजेक्शनं आणि औषधं चालली. तिच्या फासळ्या वर-खाली होताना मी रात्रभर मोजत बसायचे. म्हणून हात जोडून सांगते: कुठलंही तेल, तूप, एरंडेल किंवा लिक्विड पॅराफिन मांजराच्या घशात ओतू नका.

आणि मुळात त्याचा उपयोगही नाही. तूप, लोणी, खाण्याचं तेल हे आतड्यात पचून शोषलं जातं. केसांना वंगण म्हणून ते शेवटपर्यंत पोचतच नाही. जास्त झालं तर जुलाब होतात, काही मांजरांच्या स्वादुपिंडालाही त्रास होतो. भाकरीला लावलेलं तूप चाटलं म्हणून घाबरू नका, पण ते औषध समजून देऊ नका.

आमच्याकडे केळी भरपूर. केळं चालतं का?

रावेर-यावलकडच्या लोकांचा हा नेहमीचा प्रश्न. केळं विषारी नाही, चण्याएवढा तुकडा खाल्ला तर काही होत नाही. पण केसांच्या गोळ्यावर ते औषध नाही आणि बहुतेक मांजरं त्याला तोंडही लावत नाहीत. त्यांना गोड चव कळतच नाही, त्यामागचा जनुकीय दोष २००५ साली सापडला आहे.

मांजर गवत खातं, ते खाऊ द्यावं का?

खाऊ द्या, पण घरचं. नवरात्रात घटाला गहू पेरतो तसेच टोपलीत किंवा पसरट कुंडीत माती घालून गहू पेरा. आठवड्याभरात वीतभर हिरवे पाते येतात. मांजर चार पाती कुरतडतं, कधी उलटीही करतं, आणि तेवढंच बस. बांधावरचं किंवा केळीच्या बागेतलं गवत नको, तिथे फवारणी झालेली असते.

कुंडीतली सगळीच झाडं चालतात असं नाही. लिलीचं पान, फूल, अगदी अंगाला लागलेले परागसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करतात. कोरफडही मांजराला बाधते. आपण ती सगळ्या दुखण्यांवर वापरतो, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

दुकानात मिळणारी हेअरबॉल पेस्ट घ्यावी का? व्हॅसलीन चाटवलं तर?

पेस्टमध्ये सहसा माल्ट आणि पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन असतं. ते पचत नाही, म्हणून केसांबरोबर शेवटपर्यंत जातं. तुपात आणि यात हाच फरक. पाकिटावरच्या मापाने, जेवणाच्या वेळा सोडून, पंजावर लावा आणि मांजराला स्वतः चाटू द्या. महिनोन्‌महिने रोज देऊ नका, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. साधं बिनवासाचं व्हॅसलीन काही डॉक्टर सांगतात, पण ते त्यांच्या सांगण्यावरूनच द्या.

आम्ही शाकाहारी. मांजर दूध-भाकरीवर आहे. त्यामुळे केस जास्त गळतात का?

गळू शकतात. मांजर पक्कं मांसाहारी जनावर आहे. प्रथिनं कमी पडली की केस निस्तेज होतो, गळतो, आणि तो सगळा पोटात जातो. त्याहून मोठी गोष्ट टॉरिनची. हे द्रव्य मांजराला खाण्यातूनच मिळावं लागतं, ते मांसात असतं, भाकरीत नसतं. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते आणि हृदय कमजोर होतं. मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून दुधाने बऱ्याचदा पोट बिघडतं.

खानदेशात कितीतरी घरांत उंबऱ्याच्या आत मांस येत नाही, आणि तो त्या घरांचा आचार आहे. तिथे तयार मांजरखाद्य, पाकिटावर पूर्ण आहार असल्याचं लिहिलेलं, हाच सरळ मार्ग आहे. ताटली वेगळी, जागा वेगळी, म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांनाही अडचण वाटत नाही. आमच्या सासूबाईंनीच व्हरांड्यातला तो कोपरा मांजरांना नेमून दिला.

उरलेलं भरीत, शेवभाजी, खिचडी?

नाही. भरितात कांद्याची पात, लसूण, मिरची. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला किंवा वाळवून कुटलेला, कसाही असो, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हिंग, ओवा, हळदीचं पाणी असल्या गोष्टीही गोळ्यासाठी देऊ नका.

ते दिवसभर स्वतःला चाटतं, जागोजागी केस उडालेत. काय करू?

मग गोळ्याचं मूळ कातडीत आहे. आधी पिसवा बघा. ओल्या पांढऱ्या कापडावर मांजराला विंचरा. काळे कण पडले आणि त्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पिसवांचं औषध मांजरासाठीचंच आणि वजनाप्रमाणे घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला झटके येतात आणि ते दगावतं. कडुनिंबाचं तेल, कापूर, डांबरगोळ्या, फिनेलही नको. अंगाला लावलेलं सगळं शेवटी त्याच जिभेने पोटात जातं. पिसवा नसतील तर अ‍ॅलर्जी, दुखणं, किंवा घरात नवं मांजर, नवं बाळ, घर बदलणं असा ताण असू शकतो.

दोरा गिळला असेल तर तोही गोळ्यासारखा निघून जाईल का?

आपला मुलूख कापसाचा. वाती वळायचा कापूस, गाद्या शिवायचा दोरा, पोत्याची सुतळी, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा घरोघरी असतो. दोरा आतड्यात गेला की त्याचं एक टोक कुठेतरी अडकतं आणि आतडं त्याच्यावर चुण्या पडून गोळा होतं. दोरा ते कापूही शकतो. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. एक इंचही नाही. तसंच मांजर उचला आणि डॉक्टरांकडे जा. शिवणाची टोपली झाकून ठेवायची हा आमच्या घरचा पक्का नियम आहे.

घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे कधी जायचं?

सारखे उमाळे येतात पण काहीच पडत नाही. एक दिवस पूर्ण अन्नाला तोंड लावलेलं नाही. पाणीही उलटून पडतंय. दोन दिवस शी नाही, किंवा पोट फुगलंय आणि हात लावला की कण्हतंय. कोपऱ्यात जाऊन गप्प बसलंय. उलटीत रक्त आहे. यातलं एकही दिसलं तर डांगर नको, ईसबगोल नको, पेस्ट नको. केसांचा गोळा आतड्यात अडकला असेल तर वरून घातलेली कुठलीही गोष्ट त्याच्यामागे तुंबते.

आणि आपलं पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. मांजराला एक गोळीसुद्धा मारू शकते.

आमच्या गावात मांजरांचा डॉक्टर नाही. काय करावं?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बरीच वर्दळ गाई-म्हशींची आणि शेळ्यांची असते, पण तिथले डॉक्टर मांजर तपासू शकतात. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन तिथे मिळू शकतं आणि मोठ्या शहरापर्यंत पोचायला तेवढा आधार पुष्कळ असतो. क्ष-किरणात केस नेहमीच स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफी लागू शकते. ती कुठे होते हे मांजर धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवा. नेताना भाजीची प्लास्टिकची क्रेट, वरून दुसरी उपडी घालून घट्ट बांधलेली, चालते. आत घरचं जुनं लुगडं अंथरा. उन्हाळ्यात एसटीने किंवा दुचाकीने न्यायचं झालं तर सकाळी नऊच्या आत निघा आणि क्रेटवर ओलं फडकं टाका.

हे सगळं केल्यावर किती दिवसांत फरक दिसतो?

पोटात आधीच साठलेले केस निघून जायला वेळ लागतो, म्हणून विंचरायला लागल्यावरही पहिल्या पंधरा दिवसांत एखादा गोळा पडू शकतो. मी कालनिर्णयावर नोंद ठेवते: गोळा पडला की त्या तारखेला गोल, नुसती उलटी झाली की फुली. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ते पान दाखवलेलं बरं पडतं. चांदीच्या पहिल्या चैत्रात पाच गोल होते. रोज फणी लागल्यापासून पुढच्या चैत्रात एक, आणि तोही त्या आठवड्यातला, ज्यात आम्ही लग्नाला नंदुरबारला गेलो होतो आणि तिला कुणी विंचरलं नव्हतं.